कंडक्टर काकांची टीम निवडायची पद्धत

आमच्या टीमचा मॅनेजर बदलला पाहिजे, असं मला सलग नऊ वर्षं वाटत होतं. पण बदलणार कसा? मैदानच त्यांचं होतं. राणीसावरगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा एक एकर माळ होता. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माळावरचे दगड वेचायला सुरुवात केली. गावाला वाटलं, काका आता हरभरा करणार. काकांनी मधोमध मापून मुरूम टाकला, पाणी मारून तो दाबून घेतला, आणि आम्हाला बोलावून सांगितलं की उद्यापासून प्रॅक्टिस. काकू ओट्यावर बसून जे बोलल्या ते गाव अजून सांगतं: "लोकाच्या रानात हरभरा उगवायलाय आन् आमच्या रानात ही पोरं."

ही पोरं म्हणजे आम्ही. पोरं म्हणण्यासारखं आमच्यात फारसं काही नव्हतं. मी कप्तान, वय चौतीस, खता-बियाण्यांचं दुकान. बाकी ग्रामपंचायतीचा शिपाई, दोन शाळामास्तर, एक सलूनवाला, एक झेरॉक्सवाला, असे. याला कारण होतं. आमच्या भागात क्रिकेटचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि ऊसतोडीचाही तेव्हाच. ज्यांच्या अंगात दम आहे, जे पळू शकतात, फेकू शकतात, ते सगळे टोळीबरोबर ट्रकमध्ये बसून कारखान्यांकडे जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. मागे उरतो कोण? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याचं दुकान आहे, किंवा ज्याला पगार आहे. हे तिन्ही प्रकारचे लोक दोन धावा पळाले की कमरेवर हात ठेवून उभे राहतात.

संक्रांतीनंतर गंगाखेडला टेनिस बॉलच्या स्पर्धा व्हायच्या. सोळा गावं, दहा-दहा षटकं. नियम एकच, एक गाव एक टीम. बाहेरचा खेळाडू चालत नाही, सगळ्यांची आधार कार्डं आधी जमा करायची. आता ती कार्डं कुणी उघडून बघत नव्हतं आणि बऱ्याच टीमा शहरातून दोन-चार तगडी पोरं आणून खुशाल खेळवत होत्या. हे मी काकांना किती वेळा सांगितलं असेल याचा हिशोब नाही. काका मान हलवायचे. मान हलली म्हणजे ऐकलं असं मात्र नसायचं. तीस वर्षं एसटीत उभं राहून ती मान आपोआपच हलायला लागली होती.

काका दिसायला वाळलेले, उंच, एका खांद्यात किंचित वाकलेले. पिशवी नसली तरी तो खांदा पिशवी अडकवल्यासारखाच राहायचा. नोकरी संपली होती, पण त्यांच्या डोक्यातली गाडी काही डेपोत लागली नव्हती. मॅचला जायचा टेम्पो निघाला की ते मागच्या फाळक्याजवळ उभे. सगळ्यांना जागा झाल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत, आणि सगळ्यांना जागा झाली तरी बसायचे नाहीत. गाडी सुटली की मोबाईल बंद करायचे. तो पुन्हा गावात उतरल्यावर चालू. मधल्या काळात त्यांच्या घरी काही का होईना, त्यांना ते कळायची सोय नव्हती.

बॅटिंगचा क्रम ते कसा लावायचे, हे मी बाहेरच्या माणसाला सांगतो तेव्हा त्याला मी थापा मारतोय असं वाटतं. टेम्पोत जो आधी चढेल तो आधी बॅटिंगला. रांग म्हणजे रांग. आमच्या सलूनवाल्याला पहाटे चारला जाग यायची, त्यामुळे तो नऊ वर्षं ओपनिंगला गेला. त्याची नजर अधू होती. त्याच्याकडून दाढी करून घेणाऱ्यांना ते माहीत होतं. मी दुकान उघडून, पोराला गल्ल्यावर बसवून, धावत पळत टेम्पो गाठायचो, म्हणून कप्तान असून आठव्या नंबरला. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "काका, जगात कुठं असं असतंय का?"

"मंग काय ओळखीवर जागा द्यायची?" ते म्हणाले. "उद्या म्हनशील, माझा पावना हाय, त्याला खिडकी द्या."

त्यांच्याशी वाद घालताना पाच मिनिटांत आपण कुठल्यातरी बसमध्ये विनातिकीट सापडल्यासारखे व्हायचो.

आणि ती पत्र्याची भानगड. आमच्या बॅटर लोकांना धावा कधी काढाव्यात हे कळत नाही, असं काकांचं मत होतं. ते मत चूक नव्हतं. त्यावर त्यांनी उपाय काढला. स्कोअर लिहिणाऱ्यांच्या शेडजवळ उभं राहून ते पत्र्यावर थाप मारणार. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे पळा. पहिल्या सामन्यात हे बरं चाललं. दुसऱ्या सामन्यात समोरच्या टीमच्या एका माणसाच्या ते लक्षात आलं. तो शेडच्या मागच्या बाजूला गेला आणि आमचे दोघं शाळामास्तर खेळत असताना त्यानं पत्र्यावर सावकाश दोन थापा मारल्या. चेंडू विकेटकीपरच्या हातात होता. दोन्ही मास्तर पळाले. एक अर्ध्यातून परत फिरला, तेवढ्यात काकांची एक थाप पडली म्हणून दुसराही फिरला, मग पुन्हा कुणाच्यातरी दोन थापा. शेवटी दोघंही एकाच टोकाला उभे राहून एकमेकांकडे बघत होते. काकांचं म्हणणं, पद्धत चांगली होती, पोरं डिसिप्लिनमध्ये पळाली.

खेळाडू पारखायची त्यांची रीतही त्यांचीच. बॅट, पॅड, स्टान्स यातलं ते काही बघायचे नाहीत. फेक बघायचे. नोकरीत असताना खिडकीतून बाहेर बघत राहायची त्यांना खोड होती, आणि कुठल्या गावाच्या कुठल्या वळणावर कोण पोरगं चिंचेला दगड मारतंय, किती लांबून मारतंय, हे त्यांना पाठ होतं. बालाजी त्यांना असाच सापडला. आमच्याच गावच्या शिवारात ज्वारी राखायला माळ्यावर बसलेलं अकरा-बारा वर्षांचं पोरगं. गोफण तुटली म्हणून नुसत्या हातानं ढेकूळ फेकत होतं, आणि ते थेट पलीकडच्या बांधावरच्या बाभळीला लागत होतं. काकांनी घंटी मारली. भर रस्त्यात गाडी थांबवली, खाली उतरले, शेतात गेले आणि म्हणाले, "आनखी एकदा फेक." ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बाया ओरडतायत, एकाला परभणीच्या कोर्टात तारखेला जायचंय, आणि काका बाभळीपासून पावलं मोजत परत येतायत. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला होता. तो त्यांनी जपून ठेवला होता.

बालाजी पुढे खरोखरच जबरदस्त बॉलर झाला. त्याच्यासारखा चेंडू टाकणारा मी आमच्या तालुक्यात दुसरा पाहिला नाही. फक्त तो आमच्या कामाचा नव्हता. लग्न झालं, बायकोबरोबर कोयत्यावर जायला लागला, आणि दिवाळी झाली की टोळीबरोबर गायब. आमच्याकडून तो खेळायचा पावसाळ्यात, माळावर, चिखलात, जेव्हा कुठलीच स्पर्धा नसते तेव्हा. काका मात्र टीमच्या यादीत दरवर्षी पहिलं नाव त्याचं लिहायचे आणि पुढे कंसात "बाहेरगावी". म्हणजे आमची टीम कागदावर बारा जणांची आणि मैदानावर, कुणाला ताप नसला तर, अकरा जणांची.

शेवटी मीच एकदा ठरवलं. परभणीच्या एका कॉलेजातली दोन पोरं गाठली, दोघंही पहाडासारखी. एकाचा मामा आमच्या गावचा होता, दुसऱ्याचं कुणीच नव्हतं. आमच्यातल्या दोघांना घरी बसवून या पोरांची नावं यादीत घातली, कार्डांच्या गठ्ठ्यात त्यांची कार्डं मधोमध सारली. टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं, काकांना सांगितलं नव्हतं. टॉस झाला. आम्ही जिंकलो. मी आनंदानं वळून बघतो तर काका स्पर्धेच्या टेबलाशी उभे.

"आमच्या गाडीत दोन पाशिंजर बिगर तिकिटाचे हायेत," ते तिथल्या माणसाला सांगत होते. "त्यांना उतरवा. बाकीचे नऊ खेळतील."

तो माणूस बिचारा म्हणत होता, काका, जाऊ द्या, आमची काही तक्रार नाही. काका म्हणाले, "तुमची नसंल, माझी हाय."

आम्ही नऊ जण खेळलो आणि नऊ जणांनी हरावं तसे हरलो. काका ती हार बघायलाही थांबले नाहीत. त्या दोन पोरांना घेऊन ते स्टँडवर गेले, त्यांना भजी खाऊ घातली, परभणीच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला सांगून पुढच्या सीटवर जागा मिळवून दिली. परतीच्या टेम्पोत मी कोपरा धरून बसलो. त्यांनी खिशातून पेरू काढला, अर्धा केला आणि माझ्यापुढे धरला. मी तोंड फिरवलं. त्यांनी तो अर्धा भाग गावापर्यंत हातात धरून ठेवला.

ही झाली पार्श्वभूमी. आता मी ज्या वर्षाबद्दल सांगतोय, त्या वर्षी स्पर्धावाल्यांनी नवीन नियम काढला होता. जी टीम सलग तीन वर्षं पहिल्याच सामन्यात हरेल तिची जागा दुसऱ्या गावाला द्यायची. आमची दोन वर्षं भरली होती. हा सामना हरलो की सोळा गावांतून आमचं नाव कटणार, आणि मग काकांच्या माळावर हरभराच पेरायचा. मला एक सामना जिंकायचा होता. फार नाही, एकच. कप्तान म्हणून मी गावात नऊ वर्षं जे ऐकलं होतं, ते बोलणाऱ्यांच्या तोंडावर एवढा एक सामना मारायचा होता.

त्याच वर्षी असं झालं की बालाजीची टोळी कर्नाटकात न जाता आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या एका गावात उतरली. मोटारसायकलनं दीड तास. काकांना हे कळल्याबरोबर त्यांनी मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणाला, एक दिवस सोडतो, पण कोयता मोकळा राहता कामा नये. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं पाचट काढून मोळ्या बांधायच्या, दोघांनी वाहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायच्या. एक गेला की जोडी अडते आणि ट्रॉलीही अडते. त्याच्या जागी दुसरा माणूस द्या, मग न्या तुमचा बॉलर.

काका म्हणाले, मी येतो.

वय सासष्ट, शुगर, आणि एक खांदा वाकडा. मी म्हटलं, काका, येडेपणा करू नका. तर सामन्याच्या दोन दिवस आधी ते कुणालाही न सांगता एसटीनं उसाच्या फडात गेले. म्हणे, आधी करून बघावं, ऐनवेळी फजिती नको. संध्याकाळी परत आले ते दोन्ही हातांना फडकी बांधून. माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसले.

मग म्हणाले, "मी चालत न्हाई. मी चार तोडले की बालाजीची बायको दहा तोडायलीय. माझ्याबी वाटनीचं तिनंच केलं. वरून मलाच पानी आनून देतीय. असं न्हाई जमत."

"मग सोडा तो नाद," मी म्हणालो. मला बरंच वाटलं.

"सोडायचा न्हाई. तू जा."

मला वाटलं, बालाजीला आणायला जा म्हणतायत. "जातो की. सकाळी लवकर निघून घेऊन येतो त्याला."

"घेऊन यायला न्हाई. त्याला पाठवून दे आन् तू तिथं थांब."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. तोवर त्यांनी पिशवीतून स्कोअरची वही काढली होती. फडकं बांधलेल्या बोटांनी पानं उलटत त्यांनी माझ्या मागच्या पाच इनिंग दुकानासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांदेखत वाचून दाखवल्या. चार. शून्य. अकरा. दोन. तीन. "वीस झाले. पाचानं भागलं तर चार. टीमला बालाजीचा उपेग जास्त हाय का तुझा?"

"मी आठव्या नंबरला येतो, काका. दोन चेंडू शिल्लक असतात. तुम्हीच पाठवता."

"ते असू दे. आता सांग, आपल्या अकरा जनांत तगडा कोन? युरियाची बॅग एका हातानं कोन उचलतंय?"

गिऱ्हाइकांपैकी एक जण म्हणाला, "हेच की."

मी कप्तान होतो. नऊ वर्षं टॉस मी उडवला होता, शिव्या मी खाल्ल्या होत्या. आणि ज्या एका सामन्यावर सगळं येऊन ठेपलं होतं, त्यात मला हा माणूस उसात उभा करत होता. मी दुकानात आत जाऊन पोती रचत बसलो. मला इतका राग आला होता की रचलेली थप्पी मी पुन्हा उतरवून दुसऱ्या कोपऱ्यात रचली. पण रागाची अडचण अशी होती की त्यांचं गणित मला कुठेच खोडता येत नव्हतं. आम्हाला चांगल्या बॉलरची गरज आहे, असं ओरडून मीच नऊ वर्षं गाव डोक्यावर घेतलं होतं.

रविवारी पहाटे मी फडात पोचलो. बालाजी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून खोपीबाहेर उभाच होता. मी मोटारसायकलची चावी त्याच्या हातात दिली, तर म्हणाला, "दादा, मी चालवतो, तुमी मागं बसा." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितल्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच लाज वाटली. "जा," मी म्हणालो, "उशीर होतोय."

मग दिवसभर मी आणि बालाजीची बायको, सुमन. अंगानं बारीक, डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. तिनं मला कोयता दिला आणि दोन मिनिटं बघितलं.

"दादा, खालून तोडा. एवढाले बुडखे ठेवले तर मुकादम वरडतो."

मी खालून तोडायला लागलो. कंबर वाकली ती वाकलीच. दुकानात पोती उचलणं वेगळं आणि तासन्‌तास जमिनीलगत कोयता चालवणं वेगळं, हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं. पाचटानं मान आणि हात कापत होते. नऊ वाजता मी फोन लावला, काकांचा फोन बंद. अर्थातच बंद. दहा वाजता सलूनवाल्याला लावला, तो उचलेना, कारण तो ओपनिंगला गेला असणार. बालाजीचा फोन खोपीतच चार्जिंगला होता. सामना चालू असेल, टॉस कुणी उडवला असेल, बॉलिंग कुणाला दिली असेल, या विचारानं माझा जीव नुसता कासावीस झाला होता, आणि समोर ऊस.

"तुमी टीमचे कप्तान ना?" सुमननं विचारलं.

"हो."

"आन् इथं काय करायलाव?"

म्हटलं, "काकांनी पाठवलं."

"काका लय भले हायेत," ती मोळी बांधत म्हणाली. "परवा दिवसभर मला मॅचच्या गोष्टी सांगायले. हातातून रगत यायलं तरी कोयता सोडना. मीच काढून घेतला."

दुपारी बांधावर बसून तिनं भाकरी आणि ठेचा दिला. मी पुन्हा फोन बघत होतो. ती म्हणाली, "यांचंबी असंच हाय. कर्नाटकात होतो तवाबी संक्रांत झाली की दोन-चार दिवस निस्ता फोन बगत बसायचे. म्हनायचे, गावाकडून कुनीतरी बोलवंल, एखांदा फोन तरी करंल. मी म्हनायची, एवढ्या लांब कोन बोलवायलंय तुमाला. पर दर साली बगायचे."

त्या दोन कॉलेजच्या पोरांचे नंबर माझ्या फोनमध्ये अजून होते. त्यांना मी चार-चारदा फोन केले होते, त्यांच्या हॉस्टेलवर गेलो होतो. बालाजीचा नंबर माझ्याकडे नव्हता. कधी घेतलाच नव्हता. तो "बाहेरगावी" आहे एवढंच मला माहीत होतं, आणि काकांच्या त्या यादीला मी दरवर्षी हसायचो. मला स्वतःचीच शरम वाटली. जेवण झाल्यावर मी फोन खोपीत ठेवून दिला आणि संध्याकाळपर्यंत ऊस तोडला. शेवटी शेवटी सुमन काही बोलायची बंद झाली, म्हणजे बरा तोडत असणार. ट्रॉली भरताना मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं असतं. त्यात मी दोनदा पडलो, पण भरली.

दिवस कलायला लागल्यावर मोटारसायकल आली. बालाजी चालवत होता, मागे काका. काका उतरले आणि माझ्याकडे न बघता आधी सुमनकडे गेले.

"ट्रॉली भरली का?"

"भरली."

"कोयता मोकळा न्हाई राहिला?"

"न्हाई. दादानं तोडला चांगला."

"मंग झालं," काका म्हणाले आणि मडक्यातून पाणी घेऊन प्यायला लागले.

"मॅचचं काय झालं?" मी ओरडलोच.

काकांनी तांब्या खाली ठेवला. "बालाजीनं दोन ओव्हरीत चार गडी काढले. सात रन दिले. त्यांचे समदे मिळून त्रेसष्ट."

"आणि आपले?"

"साठ."

म्हणजे तीन धावांनी हरलो. म्हणजे आमचं गाव सोळांतून गेलं. मी तिथेच पाचटावर बसलो. माझ्या डोक्यात एकच आकडा घुमत होता, आणि तो काकांच्या तोंडावर मारावा म्हणून मी मान वर केली. काका माझ्यासमोर उकिडवे बसले होते.

"तू असतास तर चार केले असतेस," ते म्हणाले. "रस्ताभर तेच मोजत आलो. चुकलं माझं, कप्तान."

नऊ वर्षांत हा माणूस पहिल्यांदा चुकलं म्हणाला होता, आणि मला त्यांच्यावर नीट चिडताही येईना. कारण मला माहीत होतं, मी गेलो असतो तर बालाजी इथे असता, आणि त्रेसष्टाचे शंभर झाले असते. हेही त्यांना कळत असणार. तरी ते चुकलं म्हणाले. मी त्यांच्या हातावरची फडकी बघत बसलो. ते माझ्या तळहातावरचे फोड बघत होते.

पलीकडे बालाजी सुमनला सांगत होता. तिसरा गडी कसा गेला, चेंडू कुठे पडला, बॅट कशी वरून फिरली. ती पातेलं घासता घासता ऐकत होती आणि हं हं करत होती. तिला काही समजत नव्हतं हे उघड होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तिनं त्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. पावसाळ्यात माळावर आम्ही खेळायचो तेव्हा ती कुणाच्यातरी शेतात खुरपायला असायची.

बालाजीनं खिशातून सामन्यातला चेंडू काढला. काकांनी तो त्याला दिला होता. "दादा, जरा उभे राहता का? हिला दाखवतो."

माझ्यात उभं राहायचं त्राण नव्हतं. तरी उठलो. बालाजीनं माझ्यामागे उसाची तीन कांडी रोवली, एक जाडसर टिपरं माझ्या हातात दिलं, आणि तोडलेल्या रानातून पावलं मोजत लांब गेला. सुमन पातेलं बाजूला ठेवून उभी राहिली. शेजारच्या खोपीतली माणसंही बाहेर आली. तो पळत आला. मी टिपरं फिरवलं तोवर मागची मधली कांडी उडून पाचटात पडली होती.

सुमननं तोंडाला पदर लावला. मग तिनं पदर काढला, कांडी उचलून आणली आणि स्वतःच्या हातानं परत रोवली.

"आनखी एक टाका," ती बालाजीला म्हणाली.

मी पुन्हा उभा राहिलो.